चुंबकाला चिकटणारं मँगनीज

नागपूर जिल्ह्यात रामटेककडे जाताना मनसर, कांद्री, बेलडोंगरी ही नावं कानावर पडतात. ही मँगनीजची गावं. खाणीबाहेरच्या टाकाऊ दगडांच्या ढिगाऱ्यात काळे, जड तुकडे सापडतात आणि लहानपणापासून ऐकलेला ठोकताळा आपण लगेच लावतो: काळा, जड आणि चुंबकाला चिकटला तर लोखंडाचा, नाही चिकटला तर मँगनीजचा. बहुतेक वेळा हा ठोकताळा बरोबर निघतो. एका खनिजाच्या बाबतीत मात्र तो चांगलाच तोंडघशी पाडतो.

त्या खनिजाचं नाव जेकबसाइट. मँगनीज, लोह आणि ऑक्सिजन यांचं संयुग. घडण मॅग्नेटाइट या लोहाच्या खनिजासारखीच, पण त्यातल्या लोहाच्या काही अणूंच्या जागी मँगनीज बसलेलं. मॅग्नेटाइट हे मुळातच चुंबकाला धावत जाणारं खनिज, त्यामुळे हा त्याचा चुलतभाऊही धावतो. १८६९ साली स्वीडनमधल्या याकोब्सबर्गच्या खाणीवरून त्याला हे नाव मिळालं. जगभर ते थोडंथोडंच सापडतं.

आपल्याकडे त्याची कथा वेगळ्याच नावाने सुरू झाली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात १९०२ साली रुजू झालेल्या लुईस ली फर्मर या तरुण अधिकाऱ्याने मध्य प्रांतातल्या मँगनीजच्या खाणी पायाखाली घातल्या. बेलडोंगरीत आणि आंध्रात विजयनगरमजवळच्या गरिविडीत त्याला एक काळपट, कांस्याची झाक असलेलं, चुंबकाला जोरात चिकटणारं मँगनीजचं खनिज दिसलं. १९०८च्या सुमाराला त्याने त्याला 'व्रेडेनबर्गाइट' असं नाव दिलं, सर्वेक्षणातल्याच अर्नेस्ट व्रेडेनबर्ग या सहकाऱ्याच्या नावावरून. पुढे हाच दगड घासून, चकचकीत करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तेव्हा कळलं की हे एक खनिज नाहीच. जेकबसाइट आणि हाउसमनाइट अशी दोन खनिजं एकमेकांत इतकी बारीक विणलेली होती की नुसत्या डोळ्यांना एकच दिसावं. हाउसमनाइट हे मँगनीजचं साधं ऑक्साइड. व्रेडेनबर्गाइट हे नाव खनिजांच्या यादीतून गेलं. दगड आहे तिथेच राहिला.

असं का होतं ते समजायला तुपाचं उदाहरण पुरेल. कढवलेलं तूप गरम असताना एकजीव, पारदर्शक असतं. हळूहळू निवू दिलं की रवाळ होतं, म्हणजे कणी वेगळी आणि मधलं पातळ तूप वेगळं. मूळ ऐवज एकच होता, पण थंडीत सगळ्यांना एकत्र नांदणं जमलं नाही. या खनिजाचंही तसंच. खडक जमिनीत खोलवर शेकडो अंश तापलेला असताना मँगनीज आणि लोह यांचं एकच मिश्र ऑक्साइड तयार झालं. खडक वर येत थंड होत गेला तसं त्यातून लोह जास्त असलेलं जेकबसाइट आणि मँगनीज जास्त असलेलं हाउसमनाइट अशा पातळ पट्ट्या वेगळ्या झाल्या. तुपाला एक रात्र पुरते, इथे निवायला किती काळ लागला असेल याची कल्पना करावी.

ते विदर्भात का सापडतं, याचं उत्तरही या उष्णतेतच आहे. बालाघाट, भंडारा, नागपूर आणि छिंदवाडा या जिल्ह्यांतून सुमारे २०० किलोमीटर लांबीचा एक कमानदार पट्टा जातो. त्यातल्या खडकांना सौसर समूह म्हणतात. अब्जावधी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी चिखल, वाळू आणि त्यांच्यासोबत मँगनीज साचलं. मग तो सगळा गाळ भूकवचाच्या हालचालींत दाबला गेला, दुमडला, भाजून निघाला. गाळातलं मँगनीज, चिखल आणि वाळू यांचा संयोग होऊन स्पेसर्टाइट नावाचं गार्नेट तयार झालं. स्पेसर्टाइट आणि गारगोटी यांच्या खडकाला फर्मरने या भागातल्या गोंड समाजावरून 'गोंडाइट' हे नाव दिलं. भूविज्ञानात आजही हा शब्द जसाच्या तसा वापरतात. याचं आपल्याला फारसं कौतुक नसतं, ही वेगळी तक्रार.

आता प्रत्यक्ष ओळखण्याकडे वळू. सोबत घ्यायच्या वस्तू साध्या आहेत: हातोडा, दहापट मोठं दाखवणारं भिंग, खिशातला चाकू, बिनझिलईच्या टाइलचा तुकडा आणि जुन्या स्पीकरमधून काढलेलं, दोऱ्याला बांधलेलं चुंबक. दोऱ्याला बांधलेलं अशासाठी की चुंबक हातात धरलं तर हलकी ओढ कळत नाही. टांगलेलं चुंबक दगडाजवळ नेलं की जरासं कललं तरी दिसतं. दुसरं म्हणजे खाण चालू असेल तर आत शिरण्याचा प्रश्नच नाही. परवानगी घ्या, ढिगाऱ्याच्या उतारावर चढू नका आणि दगड फोडताना डोळ्यांवर चष्मा ठेवा. मँगनीजची धूळ श्वासातून वर्षानुवर्षं शरीरात गेली तर मज्जासंस्थेवर परिणाम होतो, हे खाणकामगारांच्या बाबतीत सिद्ध झालेलं आहे. एका दिवसाच्या फेरीत तेवढा धोका नसतो. पण काळ्या हातांनी शिदोरी सोडू नये.

काळे हात हीच पहिली खूण. तुकडा चोळल्यावर बोटांना काजळीसारखा रंग लागला तर तो बहुधा पायरोल्युसाइट, म्हणजे मँगनीज डायऑक्साइडचा मऊ प्रकार. भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून बॅटरी उद्योगाला जाणारं मँगनीज डायऑक्साइड असंच हात काळे करतं. आपल्याला हवं असलेलं खनिज कठीण असतं आणि बोटांना डाग लावत नाही. चाकूच्या पात्याने ओरखडा उठत नाही, किंवा कसाबसा उठतो. खनिजांची कठिनता मोजायच्या एक ते दहाच्या पट्टीवर जेकबसाइट साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान बसतं, आणि साधा चाकू साडेपाचच्या आसपास. मात्र पृष्ठभागावर ओरखडा ओढून काहीच सिद्ध होत नाही. उघड्यावर पडलेल्या मँगनीजच्या प्रत्येक दगडावर मऊ काळं पुट चढलेलं असतं. आधी दगड फोडा आणि ताज्या फुटीवर पाहा. बाहेरून सगळे सारखे काळे, आतून प्रत्येकाचा रंग निराळा.

दुसरी परीक्षा कसाची. सोनार सोनं कसोटीवर घासतो तसंच खनिज टाइलच्या खरखरीत मागच्या बाजूवर घासायचं आणि उमटलेल्या भुकटीचा रंग पाहायचा. या भुकटीच्या रंगालाच मराठीत 'कस' म्हणतात, आणि शब्द अगदी नेमका आहे. पायरोल्युसाइटचा कस काळा, हेमॅटाइट या लोहखनिजाचा चेरीसारखा तांबडा, मॅग्नेटाइटचा काळा, हाउसमनाइटचा तपकिरी. जेकबसाइटचा कस काळपट असला तरी त्यात तपकिरी किंवा तांबूस छटा असते. ही छटा एकट्याने ओळखायला जाऊ नका. मी एकदा तसं केलं आणि मॅग्नेटाइटच्या तुकड्यावर अभिमानाने चिठ्ठी चिकटवली, संध्याकाळच्या पिवळ्या उजेडात मला त्यात तपकिरी दिसलं होतं. आता मी माहितीतल्या मॅग्नेटाइटचा तुकडा बरोबर ठेवतो आणि एकाच टाइलवर दोन्ही कस शेजारीशेजारी ओढतो, तेही दिवसाच्या उजेडात. दोन काळे एकत्र आले की त्यातला तपकिरी आपोआप उठून दिसतो.

मग चुंबक. इथेच बहुतेक जण घाई करतात. दगड चुंबकाला चिकटला एवढ्यावर काहीच ठरत नाही, कारण दगडात मँगनीजचं एखादं साधं खनिज आणि मॅग्नेटाइटचे दाणे असं मिश्रणही असू शकतं. उलट ब्राउनाइट हे या पट्ट्यातलं नेहमीचं मँगनीजचं खनिज चुंबकाला अगदी किंचित प्रतिसाद देतं, त्यामुळे 'थोडंसं ओढलं' हेही फसवं असतं. म्हणून छोटा तुकडा कुटून बारीक दाणे करा, पांढऱ्या कागदावर पसरा आणि चुंबक कागदाच्या खालून फिरवा. काही दाणे पळाले आणि बाकीचे जागेवर राहिले, तर दगडात दोन गोष्टी मिसळलेल्या आहेत. पण भिंगातून सगळे काळे दाणे एकसारखे दिसत असतील आणि सगळेच एकदम चुंबकामागे जात असतील, तर ओढ त्या खनिजातच आहे. फर्मरच्या व्रेडेनबर्गाइटमध्ये हेच होतं. जेकबसाइटच्या पट्ट्या दाण्यांपेक्षा कितीतरी बारीक, त्यामुळे प्रत्येक दाण्यात त्या असतातच आणि सोबतचं हाउसमनाइटही ओढलं जातं. लग्नाच्या वऱ्हाडात बसचं तिकीट एकाकडेच असावं आणि सगळे त्याच्यासोबत चढावेत, तसं.

वजनाची परीक्षा घरी, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर होते. आधी कोरड्या दगडाचं वजन घ्या. मग काट्यावर पाण्याने भरलेलं भांडं ठेवून काटा शून्य करा. दगड दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असा सोडा, पण तळाला किंवा काठाला लागू देऊ नका. आता काट्यावर दिसतं ते दगडाचं वजन नव्हे, त्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागलं की विशिष्ट गुरुत्व मिळतं, म्हणजे दगड तेवढ्याच आकारमानाच्या पाण्यापेक्षा किती पट जड आहे ते. समजा दगड ४८० ग्रॅमचा आहे आणि पाण्यात सोडल्यावर काटा १०० दाखवतो, तर उत्तर ४.८. जेकबसाइट साधारण इथेच बसतं. तेवढ्याच वजनाचं शुद्ध मॅग्नेटाइट असतं तर काट्याने सुमारे ९२ दाखवलं असतं, कारण त्याचं विशिष्ट गुरुत्व ५.२. सगळा फरक आठ ग्रॅमचा. म्हणून भाजी मोजायचा कमानीचा काटा इथे कामाचा नाही आणि दगडही मुठीएवढा हवा, बोराएवढा नको.

यातही मेख आहे. मॅग्नेटाइटमध्ये आकारमानाने पंधरा टक्के गारगोटी मिसळली असेल तर सरासरी पुन्हा ४.८च येते, कारण गारगोटी २.६५ची. तेव्हा भिंगातून पांढरे दाणे दिसत असतील तर त्या आकड्यावर विसंबू नका. शिवाय ब्राउनाइट आणि हाउसमनाइट हीसुद्धा ४.८च्या आसपासच घुटमळतात. वजनाने फक्त एक प्रश्न सुटतो: शुद्ध, टणक मॅग्नेटाइट आहे की नाही. बाकीच्यांसाठी दुसरीकडे पाहावं लागतं.

दुसरीकडे म्हणजे शेजारी. माझ्या मते काळ्या दगडापेक्षा त्याच्या आजूबाजूला काय आहे हे जास्त बोलकं असतं. मँगनीजच्या काळ्या खनिजांचे चेहरे एकसारखे, पण मँगनीज जेव्हा सिलिकासोबत जातं तेव्हा त्याला रंग चढतो. गोंडाइटमधलं स्पेसर्टाइट नारिंगी ते तपकिरी, गोल गोल दाण्यांचं. ऱ्होडोनाइट गुलाबी आणि कठीण. त्याच्या भेगांतून काळ्या रेघा उतरलेल्या दिसतात, कारण हवापाण्याने त्याचं काळं ऑक्साइड होत जातं. पीमाँटाइट गडद तांबडं. नागपूर जिल्ह्यातल्याच कचरवाहीला फर्मरला पायरॉक्सीन गटातलं एक खनिज मिळालं होतं, सूक्ष्मदर्शकाखाली एका दिशेने गुलाबी आणि दुसऱ्या दिशेने आकाशी निळं दिसणारं. त्याला त्याने ब्लॅनफर्डाइट नाव दिलं. आज ते स्वतंत्र खनिज मानत नाहीत, पण ते रंग एकदा पाहिले की विसरत नाहीत. असे नारिंगी-गुलाबी शेजारी असतील तर दोन गोष्टी कळतात: इथे मँगनीज भरपूर आहे, आणि खडक चांगला भाजून निघालेला आहे. आपल्या खनिजाला या दोन्ही गोष्टी लागतात.

उलट दक्षिण गोव्यात रिवण-सांगेकडचं किंवा कोकणातल्या जांभ्यातलं मँगनीज घ्या. तिथलं मँगनीज पावसापाण्याने खडक कुजत असताना साचलेलं, भट्टीतून न गेलेलं. तिथे काळा दगड चुंबकाला चिकटला तर जेकबसाइटचा विचार शेवटी करावा. जांभ्यातल्या लोहाच्या गोळ्यांमध्ये मॅगहेमाइट नावाचं लोहाचं ऑक्साइड असतं आणि ते चांगलंच चुंबकीय असतं. जुन्या लोहमार्गाजवळ किंवा भट्टीच्या जागी सापडलेल्या तुकड्याबद्दलही सावध राहावं. धातूची मळी, म्हणजे धातू वितळवताना उरणारा टाकाऊ भाग, काळी, जड आणि कधीकधी चुंबकीय असते. फोडून पाहिलं तर आत हवेचे बुडबुडे गोठलेले दिसतात. असे बुडबुडे सौसरच्या भाजलेल्या खडकात नसतात.

आता रसायन. जुन्या पुस्तकांत मँगनीज ओळखायला हायड्रोक्लोरिक आम्ल सांगितलेलं असतं. आम्ल मँगनीजच्या वरच्या ऑक्साइडांवर पडलं की ब्लीचिंग पावडरचा वास येतो, म्हणजे क्लोरीन सुटतो. १७७४ साली शीले या रसायनशास्त्रज्ञाने क्लोरीन वायू पहिल्यांदा मिळवला तो असाच, पायरोल्युसाइटवर आम्ल घालून. पण क्लोरीन फुफ्फुसांना घातक आहे, त्यामुळे घरी, बंद खोलीत हा खेळ नको. औषधांच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड त्यापेक्षा निरुपद्रवी. मँगनीज डायऑक्साइडवर त्याचा थेंब टाकला की ते जोरात फसफसतं. अडचण अशी की प्रत्येक दगडावरचं काळं पुट हे बरंचसं मँगनीज डायऑक्साइडच असतं, त्यामुळे आत काहीही असलं तरी फेस येतो. ही परीक्षा 'परिसरात मँगनीज आहे' एवढंच सांगते.

निकाल लावणारी परीक्षा सोनाराकडे होते. धुण्याच्या सोड्यात चिमूटभर सोरा आणि खनिजाची कणभर भुकटी मिसळून चिनीमातीच्या तुकड्यावर तापवली की मँगनीज असल्यास निळसर-हिरवा डाग उरतो. सोरा उडतो, म्हणून तोंड लांब ठेवा, आणि हे काम फुंकणी चालवायची सवय असलेल्याकडूनच करवून घ्या. टाकणखार (बोरॅक्स) वितळवून केलेल्या काचेच्या मण्याची परीक्षा जास्त प्रसिद्ध आहे. त्यात मँगनीजने मणी जांभळा होतो. पण लोह जास्त असलं की तो रंग गढूळतो, आणि आपल्या खनिजात लोह भरपूर. सोड्याच्या परीक्षेत लोह अशी लुडबुड करत नाही.

आता ही परीक्षा चुंबकाच्या परीक्षेला जोडा, त्यातच सगळी खुबी आहे. दगड फोडून आतला भाग कुटा. कागदाखालच्या चुंबकाने फक्त चिकटणारे दाणे वेगळे काढा. ते पाण्यात हलवून धुवा, पुन्हा चुंबकाने उचला. हे दोनतीनदा करा, म्हणजे चिकटून आलेली काळी धूळ निघून जाईल. या निवडलेल्या दाण्यांची सोड्याबरोबर परीक्षा घ्या. डाग हिरवा आला नाही, तर ते दाणे मॅग्नेटाइटचे आणि मँगनीज फक्त शेजारी होतं. डाग ठसठशीत हिरवा आला, तर जे चुंबकाला ओढलं जातंय त्याच्यातच मँगनीज आहे. आता तुमच्या हातात बहुधा तोच दगड आहे जो फर्मरच्या हातात होता.

बहुधा म्हणायचं कारण असं. मॅग्नेटाइट आणि जेकबसाइट यांच्यामध्ये भिंत नाही. लोहाच्या जागी मँगनीज एक टक्काही बसू शकतं आणि पन्नास टक्केही, आणि नाव कुठे बदलायचं ही रेघ आपण आखलेली असते. हिरवा डाग ती रेघ दाखवत नाही. तिथे क्ष-किरणांची आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची कामं सुरू होतात. घासून चकचकीत केलेला दगड परावर्तित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर जेकबसाइट कुठूनही फिरवलं तरी एकसारखं करडं दिसतं. हाउसमनाइट मात्र फिरवताना उजळत-काळवंडत राहतं आणि आतून तांबूस लकाकतं. पट्ट्यांची वीण तिथे उघडी पडते.

फर्मरने नाव दिलेलं आणखी एक खनिज असंच मागे पडलं. तेव्हाच्या छिंदवाडा जिल्ह्यातल्या सितापारवरून त्याने 'सितापाराइट' नाव ठेवलं होतं. नंतर ते अमेरिकेतल्या यूटाहमध्ये १८९७ साली आधीच वर्णन झालेलं बिक्सबाइट निघालं. याउलट मध्य प्रदेशातल्या झाबुआ जिल्ह्यात, काजलीडोंगरीच्या खाणीत त्याने ओळखलेलं हॉलंडाइट हे बेरियम असलेलं मँगनीजचं खनिज आजही मान्य आहे. काही नावं टिकली, काही गेली, आणि ती गेली याचा अर्थ त्याची निरीक्षणं चुकली असा होत नाही. चुंबकाला चिकटणारं, कांस्याची झाक असलेलं, मँगनीजयुक्त असं काहीतरी बेलडोंगरीत आहे, हे त्याचं वाक्य आजही खरं आहे.

म्हणून मी चिठ्ठीवर हल्ली नाव शेवटी लिहितो. आधी जागा, तारीख आणि शेजारची खनिजं. मग काय पाहिलं ते: ताजी फूट, कस, चुंबक, पाण्यातलं वजन, सोड्याचा डाग. सगळ्यात खाली पेन्सिलने, पुसता येईल असं: 'जेकबसाइट?'